वहिनींची वेगळी रूम

प्रमोदभाऊच्या विमानाला गोळ्या लागत, पण ते पडत नसे. आम्ही मागून, वरून, ढगाआडून येऊन त्याच्यावर गोळ्यांचा पाऊस पाडायचो, पडद्यावर ठिणग्या उडायच्या, टणटण आवाजही यायचा, आणि भाऊ खुर्चीत मागे रेलून केळीचे वेफर खात राहायचा. मग सावकाश वळायचा आणि आम्हाला एकेक करून पाडायचा. पडलो की वर आम्हालाच बोलणी बसायची. उंची राखली नाही, पेट्रोल बघितलं नाही, शिस्त म्हणून नाही. भाऊ माझा चुलतभाऊ, आबांचा थोरला. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे सगळ्यांत मोठे भाऊ आणि सावद्यातल्या आमच्या केळीच्या पेढीचे कर्ते पुरुष. घरात, गावात आणि ट्रकवाल्यांतही त्यांना आबाच म्हणत. पुढे पेढी भाऊनं सांभाळायची हे ठरलेलंच होतं. आकाशही त्यानंच सांभाळायचं हे कोणी ठरवलं, ते मला आजवर कळलेलं नाही.

खाली पेढी, वर घर आणि त्याच्यावर गच्चीला लागून ऑफिसची खोली, असा आमचा पसारा. सकाळपासून खाली ट्रक लागलेले असत. क्लीनर पत्र्यावर थापा मारत ‘येऊ द्या, येऊ द्या’ करत ट्रक मागे घ्यायचा, हमालांची आपसातली भांडणं आणि केळीच्या ओल्या पानांचा वास जिन्यावरून थेट स्वयंपाकघरात यायचा. स्वयंपाकघरात माझी आई आणि मोठीआई, म्हणजे आबांच्या पत्नी, सतत काहीतरी तळत, भाजत, ठेचत असायच्या. पण काय शिजवायचं आणि कसं, हे दिवाणखान्यातून ठरायचं. आबांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, त्या दिवसापासून साऱ्या घराच्या वरणातलं मीठ कमी झालं. आबांना चहा गोड लागायचा, म्हणून सारं घर गोड चहा प्यायचं. माझे वडील ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर ठेच्याचा गोळा घेऊन त्यात वरून मीठ मिसळायचे, पण पाठ फिरवून, एखादं व्यसन असल्यासारखं. आबा जुलमी होते असं मात्र कोणी म्हणू नये. त्यांना मनापासून वाटायचं की आपल्याला जे हवं असतं तेच सगळ्यांना हवं असतं, आणि इतक्या वर्षांत त्यांना वेगळं कोणी सांगितलंही नव्हतं.

ऑफिसच्या खोलीत तीन कॉम्प्युटर होते. एक पेढीच्या बिलांसाठी. दुसरा, भाऊ जळगावला कॉलेजात असताना त्याच्या पिंप्राळ्याच्या खोलीवर होता, तो डिग्रीबरोबर घरी आला. तिसरा आबांनी घेतला, कारण समोरच्या पेढीवाल्यानं दोन घेतले होते. जळगावच्या दुकानातल्या माणसाला बोलावून भाऊनं तिन्ही एका तारेनं जोडून घेतले. हिशेब सगळीकडे एकदम दिसावेत म्हणून, असं त्यानं आबांना सांगितलं. हिशेब कुठेच दिसले नाहीत. जुन्या महायुद्धातली विमानं मात्र दिसू लागली. निळा समुद्र, मधे एक बेट, बेटावर धावपट्टी, आणि संध्याकाळचा चहा झाला की तिथून उडणारे आम्ही तिघं: भाऊ, मी आणि माझा धाकटा भाऊ बाळू. कोण कोणाच्या बाजूनं हा प्रश्न नव्हता. भाऊ एका बाजूला आणि आम्ही दोघं मरायच्या बाजूला.

या खेळात जो डाव मांडतो तो होस्ट. डाव सुरू व्हायच्या आधी त्याच्यासमोर एक पान उघडतं. कोणाला पेट्रोल किती, गोळ्या किती, विमान धडकलं तर फुटावं की नाही, गोळी लागली तर इजा व्हावी की नाही, ढगाआडचा शत्रू नावासकट दिसावा की नाही, हे सारं तिथं भरायचं. सगळ्यांना सारखं ठेवता येतं, ज्याचं त्याला ठरवू देता येतं, किंवा होस्टला सगळ्यांचं वेगवेगळं भरता येतं. भाऊनं तिसरा मार्ग पत्करला आणि त्या पानाला पासवर्ड घातला. स्वतःला त्यानं पेट्रोल न संपणारं, गोळ्या न संपणाऱ्या आणि इजा बंद असं घेतलं. आम्हाला सगळं खऱ्यासारखं. खऱ्या विमानाचं पेट्रोल संपतं, म्हणून आमचं संपायचं. बाळू तर बहुतेक वेळा लढाईच्या आधीच समुद्रात उतरायचा. मी एकदा धीर करून विचारलं, ‘भाऊ, तुला का नाही लागत?’ तो अगदी शांतपणे म्हणाला, ‘मी पडलो तर तुमच्याकडे कोण बघेल?’ त्या वयात मला हे उत्तर थोर वाटलं होतं.

आता माझा मुलगा परदेशातल्या अनोळखी पोरांबरोबर असलेच खेळ खेळतो. त्यांच्यात सेटिंगसाठी मतदान होतं म्हणे. मी कौतुकानं विचारलं, तर म्हणाला की मतदान होतं, पण शेवटी सर्व्हर ज्याचा त्याचंच चालतं. मला जरा बरंच वाटलं. आपल्याकडेच काही कमी होतं असं नाही. आमच्या खानदानाचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, त्याचा ॲडमिन अर्थातच भाऊ आहे, आणि त्यात फक्त ॲडमिनलाच बोलता येतं. वाढदिवसाला आम्ही अंगठे दाखवतो.

तर भाऊचं लग्न झालं. वहिनी धुळ्याच्या. वैशाली त्यांचं नाव. उंच, सावळ्या, बोलायला हळू. पहिले काही आठवडे त्या कणीक, ताट-वाट्या आणि वाळत घातलेले कपडे यांच्या पलीकडे दिसल्या नाहीत. शेवभाजी त्यांनी पहिल्यांदा केली तेव्हा आबांचे डोळे पाणावले, तिखटानं, आणि त्यांनी ती पुन्हा एकदा करायला सांगितली. घरात एवढा मान मिळालेली ती पहिलीच सून. त्यांच्या माहेरी काय चालतं हे कोणी विचारलं नव्हतं. धुळ्यात त्यांच्या भावाचा कॉम्प्युटर क्लास होता, दुपारी मुलं गेली की मोकळ्या मशीनवर ही भावंडं काय खेळायची, हे स्थळ बघताना विचारायच्या प्रश्नांत बसत नव्हतं.

एका संध्याकाळी बाळूला ताप आला आणि तिसरं मशीन रिकामं राहिलं. वहिनी चहा घेऊन वर आल्या, तर भाऊ म्हणाला, ‘बस जरा इथं. काही करायचं नाही, हे बटण दाबलं की वर जातं, हे दाबलं की गोळी सुटते.’ वहिनींनी पदर खोचला आणि ऐकून घेतलं. डाव सुरू झाला. मी नेहमीसारखी उंची गाठायला निघाले, तर बाजूला वहिनींचं विमान नाहीच. ते सूर्याच्या बाजूनं आलं, भाऊच्या पाठीशी चिकटलं आणि सुटेना. तो डावीकडे वळला की तेही, तो खाली गेला की तेही. ठिणग्यांचा नुसता फुलबाजा. वहिनींच्या गोळ्या संपल्या आणि भाऊ तसाच उडत राहिला.

‘तुमचं विमान पडत नाही का?’ वहिनींनी विचारलं.

‘ते सेटिंग आहे.’

‘मग आम्हालाही तेच द्या ना.’

‘तुला कशाला? तू नवीन आहेस. आधी खऱ्यावर शीक.’

वहिनी रिकामे कप गोळा करून खाली गेल्या. पण दुसऱ्या दिवशी चहा घेऊन आल्यावर न सांगता बसल्या, आणि तिसऱ्या दिवशीही. बाळूचा ताप उतरला तरी त्याला त्यांच्या मांडीशी स्टुलावर बसावं लागलं आणि त्याची तक्रार नव्हती. दर वेळी त्या एकदाच विचारायच्या, ‘आज सारखं करायचं का?’ आणि भाऊ म्हणायचा, ‘बघू पुढे.’ आमच्या घरात ‘बघू पुढे’ हे वाक्य आबांचं होतं. ते लग्नापासून नळदुरुस्तीपर्यंत सगळीकडे चालायचं आणि त्याचा अर्थ नाही असा होता.

मग एक दिवस वहिनींनी परत विचारलंच नाही. डाव सुरू झाला, त्यांनी धावपट्टीवरच विमान थांबवलं आणि डावातून बाहेर पडल्या. काही बटणं दाबली, आणि माझ्या पडद्यावर भाऊच्या डावाखाली आणखी एक नाव उमटलं: धुळे. त्यांनी स्वतःचा डाव मांडला होता. असा डाव म्हणजे आमच्या भाषेत रूम. आत गेले तर पेट्रोल सगळ्यांना सारखं, गोळ्या सगळ्यांना सारख्या, मरण सगळ्यांना. मी वहिनींना दोनदा पाडलं. त्यांनी मला कितीतरी वेळा. बाळू आमची जागा घ्यायला ओरडत होता. पलीकडच्या मशीनवर भाऊ न संपणारं पेट्रोल आणि न संपणाऱ्या गोळ्या घेऊन रिकाम्या समुद्रावर गोल गोल फिरत होता. त्यानं बराच वेळ खेळ बंद केला नाही. आम्ही परत येऊ अशी त्याला खात्री असावी.

बाळू पाणी प्यायला खाली गेला तेव्हा ओट्यावर कमलअक्का मेथी निवडत बसल्या होत्या. या आबांच्या बहीण. सासर भुसावळचं, पण मुक्काम बहुतेक आमच्याकडे, कारण इथून फोन सगळीकडे लागायचा. त्यांनी सहज विचारलं, ‘काय रे, वर एवढी कायची गडबड?’

‘वहिनींनी वेगळी रूम काढली,’ बाळू तांब्या तोंडाला लावून म्हणाला. ‘आम्ही सारे तिकडे गेलो. भाऊ एकटाच राहिला.’

अक्कांच्या हातातली मेथी तशीच राहिली. ‘माय माय माय,’ एवढंच त्या म्हणाल्या. भाऊ त्या रात्री जेवला नाही आणि पोट बरं नाही म्हणून खाली पेढीच्या गादीवरच झोपला, तेव्हा पुराव्याला काही कमी उरलं नाही. सकाळी ट्रक लागायच्या आत ही बातमी फोनवरून भुसावळला पोचली, तिथून कोणाच्या तरी मावसबहिणीकडून धुळ्याला. बातमी जाता जाता वाढते म्हणतात. आमची नुसती वाढली नाही, तिला चूलही फुटली. धुळ्याला ऐकू गेलं ते असं, की सुनेनं वेगळी खोली केली, चूल मांडली आणि दीर-नणंदही फोडून नेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात जीप थांबली. वहिनींचे वडील, त्यांना सगळे नाना म्हणत, आणि त्यांच्याबरोबर भावकीतले दोन फेटेवाले. दिवाणखान्यात गाद्या घातल्या गेल्या. आईनं वरण-बट्टीची तयारी सुरू केली, कारण भांडण होवो की समेट, माणसं जेवणारच होती. आत वहिनी पांढऱ्या पडल्या होत्या. ‘काय झालं असेल? घरी कोणाला काही...’ असं त्या मला विचारत होत्या आणि मलाही काही माहीत नव्हतं. मी पाणी घेऊन बाहेर गेले आणि दाराशीच थांबले.

नाना खाली बघत अहिराणीत म्हणाले, ‘आबा, आमनी पोरनी येगळी खोली मांडी असं कानवर उनं. तिनं काही चुकनं व्हई ते सांगा. आमी समजाडसूत.’

आबांनी असलं काही ऐकलंच नव्हतं. पण आपल्या घरातली गोष्ट आपल्याला माहीत नाही हे ते पाहुण्यांसमोर कसं कबूल करणार? ते घसा खाकरून म्हणाले, ‘त्याचा विचार चालू आहे.’

‘मंजे खरं शे?’

‘खोलीचं बघू पुढे,’ आबा म्हणाले. ‘चूल मात्र एकच राहील. हे मी पहिल्यापासून सांगत आलो.’

कोपऱ्यात मेथी निवडत बसलेल्या अक्कांनी मान डोलावली. फेटेवाल्यांपैकी एक म्हणाला की त्यांच्याकडेही असंच झालं होतं आणि शेवटी भिंत घालावी लागली. आबा म्हणाले, भिंत नाही. दुसरा म्हणाला, निदान जिना तरी वेगळा. माझे वडील, जे या घरात कधी बोलत नसत, ते हळूच म्हणाले की गच्चीच्या बाजूनं जिना काढता येईल. आबांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की मला कळलं, घर खरंच फुटायला आता फार वेळ लागणार नाही. मी हातातला तांब्या खाली ठेवला.

‘आबा,’ मी म्हणाले, ‘ती रूम कॉम्प्युटरमधली आहे.’

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी सांगत गेले. विमानं, पेट्रोल, भाऊला गोळी लागत नाही, वहिनींनी दुसरा डाव मांडला. सांगता सांगता मला ते फारच फालतू वाटू लागलं आणि रडू आलं. अक्का मेथीचं सुपडं उचलून आत गेल्या. खरं तर नानांनी तिथंच हसून विषय संपवायचा. पण धुळ्याहून जीप करून, भावकीला घेऊन आलेल्या माणसाला काहीतरी बघून जाणं भाग असतं. ते म्हणाले, ‘दखाडा.’ मग सगळे गुडघे धरत जिना चढले.

भाऊला खालून बोलावून आणलं. आबांनी चष्मा लावला आणि त्याला ते पान उघडून मराठीत वाचायला लावलं. स्वतःच भरलेलं ते सगळं मोठ्यानं वाचताना भाऊचा आवाज बारीक होत गेला. पेट्रोल, प्रमोद, न संपणारं. गोळ्या, प्रमोद, न संपणाऱ्या. इजा, प्रमोद, बंद. आबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ‘मोठ्याले थोडं जास्त असतंच,’ ते म्हणाले. एका फेटेवाल्यानं विचारलं, हे पेट्रोल कोणाच्या खात्यातून जातं. नाना मात्र पडद्याजवळ गेले.

‘हाई बठ्ठं ह्या पेटीमा शे?’

‘हो,’ भाऊ म्हणाला.

‘आनि तुम्ही पडतस नही?’

‘नाही.’

‘जावईबापू, मरनंच नही, ते मंग खेयतस कसाले?’

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. आबांनी वहिनींना वर बोलावलं. त्या डोक्यावरून पदर घेऊन दाराशी उभ्या राहिल्या.

‘सूनबाई, तुझं म्हणणं काय?’

‘काही नाही आबा. ते जे घेतात ते सगळ्यांना द्यावं. नाही तर सगळ्यांना जे देतात ते त्यांनी घ्यावं. दोन्हीतलं कोणतंही चालेल.’

मागे माझी आई उभी होती. तिनं हे ऐकलं आणि माझ्या वडिलांकडे बघितलं. वडिलांनी लगेच खिडकीबाहेर बघितलं. आबांनीही ते टिपलं असावं, कारण ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. शेवटी त्यांनी निकाल दिला. ‘आज पाहुणे आहेत. आजच्या दिवसापुरतं सारखं ठेवा.’ आमच्या घरात कायमचे ठराव महिन्याभरात मोडायचे आणि आजच्या दिवसापुरतं म्हणून केलेलं पिढ्यान्‌पिढ्या चालायचं, हे आबांच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

वहिनी बसायला तयार नव्हत्या. ‘नानांसमोर नको,’ त्या पुटपुटल्या. नाना म्हणाले, ‘बस माय, मी शे ना.’ भाऊनं त्या पानावरची आपल्या नावापुढची एकेक खूण काढली, आणि पहिल्यांदाच आपल्या विमानात मोजकं पेट्रोल घेऊन तो उडाला. इतका जपून त्याला मी कधी बघितलं नव्हतं. ढग दिसला की वळायचा. वहिनींनी त्याला थोडा वेळ फिरू दिलं. मग त्या वरून आल्या आणि टणटण आवाजाऐवजी या वेळी एक वेगळाच आवाज झाला. भाऊच्या डाव्या पंखातून काळा धूर निघाला, विमान कलंडलं आणि समुद्र फिरत फिरत जवळ येऊ लागला.

फेटेवाले एकमेकांकडे बघू लागले. नानांनी तर कपाळाला हात लावला, कारण आता खरंच पोरीचा संसार मोडला असं त्यांना वाटलं. ‘याले लागलं नाही ना कुठी?’ आबांनी माझ्या कानात विचारलं. मी म्हणाले, ‘नाही आबा, परत नवीन विमान मिळतं.’

‘परत मिळतं?’ आबा म्हणाले. ‘मग हा एवढा भीत कायले होता?’

भाऊनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. तो पडद्याकडे वाकून बघत होता. आम्ही असं शेकडो वेळा पडलो होतो. धूर, गरगरणारा समुद्र, शेवटचा धप्प आवाज, सगळं आम्हाला पाठ होतं. त्यानं हे कधीच आतून बघितलं नव्हतं. विमान पाण्यात गेलं, पडदा काळा झाला, आणि त्याच्या तोंडावर राग नव्हता, नवल होतं.

‘हे असं दिसतं होय,’ तो म्हणाला.

मग त्यानं परत ते पान उघडलं, पेट्रोलच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि, मला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदाच, दुसऱ्या कोणाला तरी विचारलं. ‘किती ठेवू?’

वहिनींनी पदर सारखा केला. खालून बट्ट्या तळल्याचा वास येऊ लागला होता.

‘निम्मं ठेवा,’ त्या म्हणाल्या. ‘डाव लवकर आटपेल. नाना जेवायचे आहेत अजून.’